भूमध्य समुद्रातली क्रूझ: बोट नंतर बघा, आधी धक्क्यावरचे तास मोजा

क्रूझच्या माहितीपत्रकावर 'रोम' असं ठळक छापलेलं असतं. बोट रोमला लागत नाही. ती लागते चिव्हितावेकिया नावाच्या बंदरात, आणि तिथून रोम सत्तरएक किलोमीटर लांब. 'पुणे दर्शन' म्हणून लोणावळ्याला उतरवावं, तशातला प्रकार. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून साधारण ९० किलोमीटर. 'अथेन्स' म्हणजे पिरेयस. ते मात्र जवळ, मेट्रोने जाता येतं. सगळ्यात मोठा घोळ 'व्हेनिस'चा. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या बोटींना शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यात बंदी आहे. त्यामुळे कागदावरचं व्हेनिस कधी मार्गेरा असतं, कधी त्रिएस्ते, तर कधी थेट रावेन्ना, दीडशे किलोमीटरच्या आसपास.

पहिल्या वेळी आम्ही चौघांनी (मी, नवरा आणि माझे आई-बाबा) बोटीचे फोटो बघून बुकिंग केलं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, चार मजली दिवाणखाना, छतावर पोहण्याचा तलाव. आठवडाभरात घसरगुंडीकडे कुणी फिरकलं नाही, आणि ज्या नेपल्ससाठी आईने एवढा हट्ट धरला होता तिथे बोट दुपारी एकला लागून रात्री आठला सुटली. दुसऱ्या वेळी बोटीचं नाव आम्ही अगदी शेवटी वाचलं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पायरी पहिली: वेळापत्रक वाचा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचे ढोबळ तीन पट्टे आहेत. पश्चिमेचा: बार्सिलोना, मार्सेलिस, जिनोआ, ला स्पेझिया किंवा लिव्होर्नो, चिव्हितावेकिया, नेपल्स, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, मायोर्काचं पाल्मा. मधला एड्रियाटिकचा: व्हेनिसच्या नावाखालची बंदरं, क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक आणि स्प्लिट, माँटेनेग्रोमधलं कोतोर. पूर्वेचा: पिरेयस, सँटोरिनी, मिकोनोस, ऱ्होड्स, तुर्कस्तानातलं कुशादासी आणि इस्तंबूल. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पश्चिमेचा सात रात्रींचा फेरा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वे चांगली, बरीच बंदरं गावांना चिकटून, आणि बहुतेक वेळा सगळी शेंगेन देशांतली (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतली), त्यामुळे व्हिसाची डोकेदुखी कमी.

प्रत्येक बंदरापुढे येण्या-जाण्याच्या दोन वेळा असतात. त्यांतून खरा वेळ काढायला शिका. समजा चिव्हितावेकियाला ८ ते १९ लिहिलं आहे. कागदावर अकरा तास. बोट आठला लागली तरी कागदपत्रं पूर्ण होऊन जिना उघडेपर्यंत आणि गर्दीतून खाली येईपर्यंत पावणेनऊ होतात. परत चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची, म्हणजे सहा-साडेसहा. बंदराची बस पकडून स्टेशन गाठायला अर्धा तास, पुढे गाडी तासाभराची. म्हणजे व्हॅटिकनच्या दारात तुम्ही पावणेअकराला. परतीची एक गाडी चुकली तरी दुसरी मिळावी असा हिशेब ठेवला, तर पावणेचारला रोम सोडायचं. हातात उरले पाच तास, त्यात जेवणही आलं. पाच तासांत एक तर व्हॅटिकन होतं, नाही तर कोलोसियम आणि आसपास. दोन्ही करायला जाल, तर दोन्हीकडच्या रांगाच बघून याल.

हे गणित प्रत्येक बंदरासाठी कागदावर मांडा आणि सगळे तास खाली जोडा. दोन बोटींच्या भाड्यात पाच हजारांचा फरक असेल, पण एकीवर चाळीस तास जमिनीवर मिळत असतील आणि दुसरीवर अठ्ठावीस, तर स्वस्त कोणती हे सांगायला नको. त्याच कागदावर वारही लिहा. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफित्सी चित्रसंग्रहालय सोमवारी, आणि व्हॅटिकन संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद.

कधी जावं

मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध, ऑक्टोबर. आपल्या मुलांच्या सुट्ट्यांमुळे मे सोयीचाही पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपभर शाळांना सुट्टी, भाडी वर चढलेली आणि ऊन असं की अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस उष्णतेच्या लाटेत भर दुपारी बंद ठेवतात. त्याच महिन्यांत एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो आणि सँटोरिनी-मिकोनोसचे थांबे रद्द होऊ शकतात. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर उत्तम. नोव्हेंबरात गेली तर पाऊस आणि पाच वाजताचा अंधार धरून चाला.

पायरी दुसरी: व्हिसा

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्या माणसासाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कुणी राहू नये. उन्हाळ्यात मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येक आठवडे जातात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३० हजार युरोंचं.

क्रूझवाल्यांना पडणारा खरा प्रश्न असतो तो हा की अर्ज कोणत्या देशाकडे करायचा. नियम असा: ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे, दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. स्पेन एक दिवस, फ्रान्स एक, इटली तीन, माल्टा एक असा फेरा असेल तर इटली. पण बार्सिलोनाला चढण्याआधी तुम्ही तिथे तीन रात्री राहणार असाल तर पारडं फिरतं. माझा सल्ला: जिथून चढायचं आहे त्याच देशात दोन-तीन रात्री हॉटेल घ्या, म्हणजे उत्तर निःसंदिग्ध होतं आणि शहरही बघून होतं. अर्जाला क्रूझचं जे पत्र जोडाल, त्यावर सगळ्यांची पासपोर्टप्रमाणे नावं, सगळी बंदरं आणि तारखा असल्याच पाहिजेत. नुसती पैसे भरल्याची पावती पुरत नाही.

दुसरी मेख 'मल्टिपल एंट्री'ची. कोतोर, कुशादासी, इस्तंबूल, ट्युनिस ही बंदरं शेंगेनबाहेर आहेत. बोट तिथे गेली की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत आलात. एकेरी व्हिसावर हे जमत नाही, आणि अशा प्रवाशाला चढण्याच्या काउंटरवरूनच परत पाठवतात. तुर्कस्तानासाठी वेगळा व्हिसा लागू शकतो. चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तो ऑनलाइन काढता येतो. खाली उतरायचं नसलं तरी कागद लागतील का, हे क्रूझ कंपनीला लेखी विचारा. फोनवरच्या 'हो मॅडम, चालेल'ला किंमत नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा मिळणारं किंवा थोडी रक्कम भरून राखता येणारं भाडंच घ्या. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस हा कर कापला जातो. दर अर्थसंकल्पानुसार बदलत राहतो, पण ती रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, तेवढं प्रमाणपत्र मागून ठेवा.

पायरी तिसरी: केबिन, आणि भाड्यात न दिसणारे पैसे

केबिन चार तऱ्हेच्या: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सुइट. बाल्कनीवर पैसे घालवू नका, असं मी म्हणते तेव्हा घरात वाद होतात. पण रोज सकाळी आठला खाली उतरून संध्याकाळी सहाला चढणारा माणूस बाल्कनीत बसतो तरी किती? सँटोरिनीला येताना किंवा व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये शिरताना जे बघायचं ते वरच्या डेकवरून फुकट दिसतं, आणि दोन्ही बाजूंचं दिसतं. घरातल्या वयस्कर माणसांना मात्र दुपारी टेकायला लागत असेल तर त्यांना तरी खिडकी घ्या. बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवस की रात्र कळत नाही, बाबा एकदा पहाटे तीनला दाढी करून बसले होते.

तुम्हाला बोट लागत असेल, मळमळत असेल, तर केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या. हेलकावे तिथे कमीत कमी. बुकिंगआधी डेकचा नकाशा उघडून तुमच्या केबिनच्या वर-खाली काय आहे तेही बघा. डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक आला, की पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज आलाच.

आता छुपे खर्च. सेवाशुल्क माणशी रात्री १० ते १५ युरो असतं. चौघांचं सात रात्रींचं, १२ युरोंनी धरलं तरी ३३६ युरो झाले. ते भाड्यात धरलं आहे की बोटीवर घेणार, हे आधीच वाचा. युरोपातल्या बऱ्याच बोटींवर जेवणाच्या टेबलावरचं पाणीसुद्धा बाटलीतून येतं आणि बिलात चढतं. फुकटचं पाणी बुफेच्या यंत्रावर. पेयांचं पॅकेज घ्यायचं तर बहुधा केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यावं लागतं, एकाचं घेऊन चौघांनी भागवता येत नाही. इंटरनेट वेगळं, धक्क्यापासून गावापर्यंतची बस कित्येकदा वेगळी.

बोटीवर रोख चालत नाही. पहिल्या दिवशी कार्ड जोडून द्यायचं आणि आठवडाभर केबिनच्या कार्डावर खर्च करायचा. इथे प्रीपेड फॉरेक्स कार्ड देऊ नका. बोट रोज अंदाजे रक्कम अडवून ठेवते, ती सुटायला बरेच दिवस लागतात, आणि तोवर बंदरावर कॉफी प्यायला कार्डात पैसे नसतात. क्रेडिट कार्ड द्या. जमिनीवर एटीएम 'रुपयांत आकारू का?' असं विचारतं तेव्हा नाही म्हणा, युरो निवडा.

पायरी चौथी: बॅग

इस्त्री, प्रवासी किटली, इंडक्शन या गोष्टी आगीच्या भीतीने बोटीवर चालत नाहीत. सामान तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. तेव्हा केबिनमध्ये आल्याचा चहा करण्याचे बेत घरीच सोडून द्या. चहाची पाकिटं आणि गवती चहाची वाळलेली पात न्या, गरम पाणी बुफेवर चोवीस तास नसलं तरी बराच वेळ मिळतं.

खाऊच्या बाबतीत युरोपीय संघाचा नियम कडक आहे: बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा नको. बाकरवडी, चिवडा, तेलातले ठेपले, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, हे बंद पाकिटांत. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच लिहून द्या आणि पहिल्या रात्री जेवणघराच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. सांगितलं की पुढच्या रात्रीची यादी ते आदल्या संध्याकाळी दाखवतात, आणि वरण-भातासारखं काहीतरी बऱ्याचदा निघतं. कट्टर शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं की खऱ्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं.

आपल्या तीन पिनी तिथल्या भिंतीत बसत नाहीत. दोन गोल पिनांचा अडॅप्टर न्या. चर्चसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेतच, ओढणी बॅगेत असली की काम भागतं. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि मळमळ सुरू होण्याआधी घ्या. एकदा पोट ढवळायला लागलं की ती खाऊन फारसा उपयोग नसतो. आईचा आलेपाक आणि आवळासुपारी सोबत होतीच.

पायरी पाचवी: चढण्याचा दिवस

विमानाने आदल्या दिवशी पोहोचा, शक्य असेल तर दोन दिवस आधी. मुंबईहून जाताना बहुतेकांना मध्ये विमान बदलावं लागतं. पहिलं विमान उशिरा गेलं की पुढची साखळी तुटते आणि बोट तुमच्यासाठी थांबत नाही. पश्चिमेच्या फेऱ्यांत एक सोय असते: बऱ्याच बोटी बार्सिलोना, मार्सेलिस, जिनोआ, चिव्हितावेकिया अशा कोणत्याही बंदरातून चढू देतात. विमानाचं तिकीट जिथलं स्वस्त, तिथून चढा.

मोठ्या बॅगांना केबिन क्रमांकाची पट्टी लावून धक्क्यावर द्यायच्या. त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. काही बोटी पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत प्रत्येकाच्या खिशात असू द्या.

मग आणीबाणीची कवायत. सात लहान भोंगे आणि एक लांब. ती चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा काँकॉर्डिया ही बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. आपल्या जमण्याची जागा केबिनपासून एकदा चालत जाऊन बघा, लिफ्टने नाही, जिन्याने.

पायरी सहावी: बंदरामागून बंदर

*बार्सिलोना.* बहुतेक मोठ्या बोटी लांबच्या धक्क्यावर लागतात. तिथून बंदराची निळी बस कोलंबसच्या खांबापाशी सोडते, पुढे ला राम्बला हा रस्ता सुरू. साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट वेळेसह घरूनच काढा. १८८२ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम अजून चालू आहे, आणि रांगही तशीच. पाकीटमार इथे फार सफाईदार. मोबाइल मागच्या खिशात म्हणजे तुमचा नव्हेच.

*मार्सेलिस.* मराठी माणसाला हे बंदर शाळेपासून माहीत. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून इथेच उडी मारली. किनाऱ्यावर त्यांना पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं, त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादाकडे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आजचा क्रूझ धक्का जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटर वर आहे. चालत जायच्या भानगडीत पडू नका, बस घ्या. जुन्या बंदरातून टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला चढलात की सगळी गोदी पायाखाली दिसते. त्या गवाक्षापासून किनाऱ्यापर्यंतचं पाणी बाबा तिथे बराच वेळ मनातल्या मनात मोजत उभे होते.

*जिनोआ.* आळशी माणसाचं आवडतं बंदर. बोटीतून उतरून दहा मिनिटांत प्रिंचिपे स्टेशन, आणि जुनं गाव तिथूनच सुरू. व्हिया गारिबाल्दी या रस्त्यावरचे राजवाडे बघा, आणि फारिनाता खा: बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. म्हणजे बेसनाचा पोळाच, वरून करपून खमंग झालेला. अंडं नाही, दूध नाही.

*ला स्पेझिया, लिव्होर्नो.* दोन्हींतून निवड करता आली तर ला स्पेझिया घ्या. स्टेशनवरून चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांतलं पहिलं, रिओमाज्जोरे, गाडीने दहा मिनिटांच्या आत. पाचही करू नका. दोन गावं आणि एक लांब जेवण पुरे. लिव्होर्नोला उतरलात तर पिसा जवळ आहे. फ्लॉरेन्सला जायचं तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

*चिव्हितावेकिया.* हिशेब वर सांगितलाच. व्हॅटिकनसाठी रोमच्या मुख्य स्टेशनापर्यंत जायची गरज नाही. आधीच्या सान पिएत्रोला उतरा, तिथून पायी पंधरा मिनिटं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्याच्यावर शिक्का मारून घ्या, नाही तर दंड. आणि 'शोपेरो' हा शब्द पाठ करा, म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या चालवाव्या लागतात. पण संध्याकाळी सहाची गाडी आपल्या कामाची नाही. त्यामुळे संपाच्या दिवशी बोटीची (म्हणजे क्रूझ कंपनीतर्फे जमिनीवर नेणारी) सहल घ्या किंवा बंदराच्या गावातच फिरा.

*नेपल्स.* माझ्या मते सगळ्या फेऱ्यातलं सगळ्यात मोलाचं बंदर, कारण बोट गावाच्या अंगणातच लागते. धक्क्यातून बाहेर पडलात की समोर म्युनिचिपियो चौक आणि मेट्रो. इथून दोन वाटा.

पहिली पॉम्पेईची. मेट्रोने तीन थांब्यांवर गारिबाल्दी, तिथून सोरेंतोकडे जाणारी लोकल, पाऊण तासाच्या आत 'पॉम्पेई स्काव्ही' स्टेशन, आणि समोरच दार. नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २० हजारांचीच मर्यादा आहे, तेव्हा तिकीट आधी काढा, पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. सावली जवळपास नाही; टोपी आणि भरून घेता येणारी बाटली हवीच. आत शिरल्यावर नकाशा मिटवून जरा खाली बघत चाला. दगडी रस्त्यांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, बोटभर खोल. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड रोवले आहेत, आणि दगडांमधलं अंतर चाकं जातील एवढंच ठेवलंय. कोपऱ्या-कोपऱ्यावर खाद्यपदार्थांच्या टपऱ्या: संगमरवराच्या तुकड्यांनी मढवलेला ओटा आणि त्यात पुरलेले रांजण. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसची राख पडली तेव्हा इथेही माणसं दुपारचं काहीतरी खायला थांबत असणार.

दुसरी वाट संग्रहालयाची, आणि आईचा हट्ट याच्यासाठी होता. मेट्रोचं 'म्युझेओ' स्थानक, बाहेर आलं की पुरातत्त्व संग्रहालय. तिथे 'गुप्त दालन' म्हणून एक विभाग आहे, पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तूंचा. त्यात एक हस्तिदंती बाई उभी आहे, जेमतेम वीतभर उंच. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन लहान दासी. ती १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली आणि तिला लक्ष्मी म्हणायची पद्धत पडली. लक्ष्मी आहे की यक्षी, यावर वाद आहे. पण तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत त्या आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणजे सातवाहनांच्या काळात तिने केलेला प्रवास आपल्यापेक्षा लांबचा, आणि व्हिसाशिवाय. आई माहेरची तेरकडची, तिने काचेला नाक लावून तिची वेणी नीट बघितली आणि म्हणाली, "पाटल्या बघ किती घातल्यात." मंगळवार असेल तर मात्र मुकाट्याने पॉम्पेई.

*पालेर्मो.* चालत फिरा, पानेल्ले खा. बेसन पाण्यात शिजवायचं, थापायचं, पातळ वड्या पाडून तळायच्या आणि तीळ लावलेल्या पावात घालायच्या. पाटवडी-पाव म्हणा. भाताचे तळलेले गोळे दिसतील, आरांचिने. त्यात बहुधा खिमा असतो. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे', मांस नको, मासे नको, एवढं म्हणता आलं की इटलीभर निभतं.

*व्हॅलेटा.* बोट बंदरात शिरताना वरच्या डेकवर असा. धक्क्याजवळून ५८ मीटरची लिफ्ट थेट वरच्या बागेत नेते, दुपारी बाराला तिथे तोफ उडते. बाकी गाव पायीच.

*पिरेयस आणि सँटोरिनी.* पिरेयसहून मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत अथेन्सचं मोनास्तिराकी. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट वेळेचं असतं, सकाळचं घ्या. सँटोरिनीला मात्र क्रूझच्या बोटींसाठी धक्काच नाही. बोट समुद्रात उभी राहते आणि लहान होड्या खाली नेऊन सोडतात. तिथून वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, नाही तर ५८८ पायऱ्या. चार-पाच बोटी एकदम आल्या की परतीची केबल कारची रांग तासाभराहून लांब जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी सूर्यास्ताचा मोह सोडून लवकर खाली यावं. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, होड्या अडवतो तो वारा. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं आहे: सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो, बहुधा बोटीच्या बिलातच येतं.

जमिनीवरचे नियम

बोटीची सहल महाग असते, पण तिला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतः गेलात तर थांबत नाही. म्हणून मी असं करते: धक्का गावात असेल तिथे स्वतः फिरायचं, तासाभराहून लांब जायचं असेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर बोटीची सहल घ्यायची. रोज खाली उतरण्याआधी दैनिक पत्रकाचा फोटो काढा. त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो. बोट चुकलीच तर पहिला फोन तिकडे.

घड्याळ बोटीचं पाळा. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे. फोन आपोआप वेळ बदलतो, बोट बदलेलच असं नाही. म्हणून एकाच्या तरी मनगटावर हाताने लावलेलं घड्याळ असू द्या. आणि समुद्रावर फोन विमान मोडमध्ये. किनारा सुटला की फोन बोटीचं उपग्रह नेटवर्क पकडतो, आणि कुठलाच स्वस्त पॅक तिथे लागू नसतो. सोबतच्या एका कुटुंबाच्या फोनवर रात्रभरात नुसते व्हॉट्सअ‍ॅपचे सुप्रभात उतरले, त्याचं बिल घरी गेल्यावर कळलं.

शेवटची रात्र

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत पट्ट्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या सकाळी थेट धक्क्यावर मिळतात. बिल त्याच रात्री टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर तपासा. चूक असेल तर काउंटरला रात्रीच जा, सकाळी तिथे अर्धी बोट उभी असते. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. बंदर विमानतळापासून लांब असेल तर आणखी उशिराचं.

आणि बॅगा बाहेर ठेवण्याआधी सकाळी घालायचे कपडे, चपला आणि कंगवा आत राहिलेत का ते दोनदा बघा. आमच्या शेजारच्या केबिनमधले सांगलीचे काका सकाळी धारीच्या पायजम्यावर कोट चढवून जिनोआच्या धक्क्यावर उतरले होते, आणि काकू त्यांच्यापासून वीस पावलं मागे चालत होत्या.